पुण्याच्या आसपासच्या रणभूमी : वाचकांचे प्रश्न

हिवाळा लागला की या सदराकडे गडकिल्ल्यांविषयीच्या पत्रांची रीघ लागते. या वेळी मात्र बऱ्याच वाचकांनी गडांपेक्षा लढाया जेथे झाल्या त्या जागांविषयी विचारले आहे. पुण्याहून सकाळी निघून रात्रीपर्यंत परतता येईल अशा ठिकाणांपुरतीच उत्तरे येथे दिली असून पत्रे जागेअभावी संक्षेपाने छापली आहेत.

मी निवृत्त शिक्षक असून माझा नातू आठवीत आहे. सिंहगड, शिवनेरी, लोहगड त्याने पाहिले आहेत. आता त्याला उघड्या मैदानावर झालेल्या लढाईची जागा पाहायची आहे. माझे गुडघे चढणीला साथ देत नाहीत आणि आमच्याकडे गाडी नाही. आम्ही कोठे जावे? (एक वाचक, चिंचवड)

आपण वडगाव मावळला जावे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांची फौज ज्या खोऱ्यातून पुण्यावर चालून आली आणि ज्या खोऱ्यातून तिला माघार घ्यावी लागली, त्याच खोऱ्यातून आज पुणे-लोणावळा लोकल धावते, त्यामुळे चढण, गाडी आणि खर्च या तिन्ही अडचणी एकदमच सुटतात. मात्र बहुतेक लोक वडगावला उतरतात, विजयस्तंभासमोर छायाचित्र काढतात आणि अर्ध्या तासात परत फिरतात. तसे करू नये. स्मारक हे लढाईनंतर कितीतरी वर्षांनी कोणीतरी सोयीच्या जागी उभारलेले असते. लढाई समजते ती नदी, डोंगर आणि वाट यांवरून, आणि मावळात हे तिन्ही अजून बऱ्याच अंशी जागच्या जागी आहेत.

आधी थोडी पूर्वपीठिका नातवाला सांगून ठेवावी. रघुनाथरावांना पुण्यात सत्तेवर बसवण्याच्या हेतूने मुंबईकर इंग्रजांनी १७७८ च्या नोव्हेंबरात फौज पाठवली. ही फौज बोरघाट चढून खंडाळ्यावर आली खरी, पण तिच्याबरोबर दाणागोटा आणि दारूगोळा वाहणाऱ्या हजारो बैलांचा तांडा होता आणि तिची चाल इतकी मंद होती की पुण्यातील कारभाऱ्यांना तयारीला हवा तेवढा अवधी मिळाला. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांनी समोरासमोरची मोठी झुंज टाळली, वाटेवरचा चारा आणि धान्य जाळून टाकले, गावे रिकामी केली आणि दोन्ही बाजूंनी लहान लहान हल्ले करून शत्रूला हैराण केले. गनिमी कावा म्हटला की मुलांच्या डोळ्यांसमोर केवळ शिवकाल येतो. शंभराहून अधिक वर्षांनंतर तोच डाव तोफा आणि कवायती पलटणी बाळगणाऱ्या सैन्यावर कसा चालला, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

सकाळच्या लोकलने आपण थेट मळवलीला उतरावे. दक्षिणेला लोहगड-विसापूरची जोडी आणि उत्तरेला कार्ल्याच्या लेण्यांचा डोंगर यांच्यामध्ये इंद्रायणीचे रुंद, सपाट खोरे पसरलेले दिसते. पुण्याकडे सरकणाऱ्या फौजेला यातूनच जाणे भाग होते आणि दोन्हीकडच्या उंचवट्यांवरून तिची प्रत्येक हालचाल दिसत होती, हे फलाटावर उभे राहूनही मुलाला दाखवता येते. ४ जानेवारी १७७९ रोजी याच कार्ल्याच्या परिसरात टेहळणी करीत असताना कॅप्टन स्ट्युअर्ट हा इंग्रज अधिकारी मराठ्यांच्या तोफेच्या गोळ्याने ठार झाला. त्याचे शौर्य पाहून मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. शत्रूच्या अधिकाऱ्याला ‘फाकडा’ ही पदवी द्यावी, एवढा दिलदारपणा त्या काळच्या रणधुमाळीतही शिल्लक होता.

मळवलीहून पुढे तळेगावला यावे. मध्ये वडगाव स्थानक लागेल, पण तेथे मुद्दाम उतरू नये. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावात पोहोचले तेव्हा त्यांच्या हाती जळके आणि ओसाड गाव लागले. पुणे येथून फार दूर नव्हते. पण पुढेही अशीच राखरांगोळी असणार हे ओळखून त्यांच्या पुढाऱ्यांनी कच खाल्ली. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून आणि साठा पेटवून देऊन त्यांनी गुपचूप माघार घेतली, परंतु ती गुपचूप राहिली नाही. मराठ्यांनी अंधारातच त्यांना गाठले. पिछाडी सांभाळणाऱ्या कॅप्टन हार्टलेच्या तुकडीने चिवट झुंज दिली म्हणून उरलेले सैन्य वडगावपर्यंत तरी पोहोचू शकले.

आता तळेगावहून उलट दिशेची लोकल धरून एक स्थानक मागे, वडगावला यावे. मुंबईला परत जायला निघालेल्या त्या फौजेची माघार अवघ्या एका स्थानकाच्या अंतरावर संपली. ही गोष्ट नकाशावर बोट ठेवून समजत नाही, पण गाडीत बसून काही मिनिटांतच वडगाव आले की आठवीतल्या मुलाला ती पक्की समजते. वडगावात चारही बाजूंनी वेढली गेल्यावर इंग्रजांनी जानेवारीच्या मध्यावर तह केला. साष्टी आणि १७७३ नंतर बळकावलेला इतर मुलूख परत देण्याचे त्यांनी मान्य केले, आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप झाला होता ते रघुनाथराव महादजींच्या स्वाधीन झाले. पुढे मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही ठिकाणच्या वरिष्ठांनी हा तह नाकारला आणि १७८२ मधील सालबाईच्या तहापर्यंत युद्ध चालूच राहिले, हेही मुलाला अवश्य सांगावे. नाहीतर वडगावात सगळे संपले असा समज होतो. विजयस्तंभ आणि महादजींचा पुतळा गावातील कोणीही दाखवील. इष्टुर फाकड्याची समाधीही वडगावातच असून परकीय सैनिकाच्या त्या थडग्याला स्थानिक लोक आजही मान देतात. ती न पाहता परतू नये.

दुपारच्या वेळी या मार्गावर लोकल गाड्यांमध्ये बराच खंड पडतो, म्हणून वेळापत्रक आधी पाहून निघावे आणि जेवण तळेगावातच उरकून घ्यावे. पुढे एखाद्या दिवशी पुण्यातील वानवडीच्या शिंदे छत्रीलाही नातवाला न्यावे, कारण महादजींचे निधन १७९४ मध्ये वानवडीलाच झाले आणि त्यांचे स्मारक तेथे आहे.

उंबरखिंडीला कुरवंडे घाटाने उतरून जाता येते असे ऐकले. ही वाट कशी आहे आणि पावसाळ्यात जावे का? आम्ही सहा-सात जण असून सर्वांना डोंगरात चालण्याची सवय आहे. (एक वाचक, डोंबिवली)

पावसाळ्यात जाऊ नये, हे प्रथमच सांगितलेले बरे. घाटातील दगड शेवाळाने निसरडे होतात आणि खाली आंबा नदीला केव्हा पूर येईल याचा नेम नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेल्यास लढाईच्या दिवसांतील ऊन, सावली आणि झाडोरा साधारण तसाच पाहायला मिळतो.

ही लढाई २ फेब्रुवारी १६६१ रोजी झाली. पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शाहिस्तेखानाने उत्तर कोकण घेण्यासाठी कारतलबखानाला पाठवले. खानाने नेहमीच्या वाटेऐवजी लोहगडाच्या बाजूने जाऊन घाट उतरण्याचे ठरवले. शिवाजी महाराजांनी त्याला घाट उतरू दिला, अडवले नाही; आणि दाट झाडीतील अरुंद खिंडीत तो पुरता शिरल्यावर पुढची आणि मागची अशा दोन्ही वाटा बंद केल्या. सैन्य एकामागे एक ओळीने चाललेले, पाणी जवळ नाही, आणि मारा कोठून होतो ते दिसत नाही, अशा स्थितीत मोगलांची पुरती कोंडी झाली. अखेर बरोबर असलेल्या रायबागन या माहूरच्या पराक्रमी देशमुखीणबाईंच्या सल्ल्याने खानाने शरणागतीचा निरोप धाडला, आणि सामानसुमान व खंडणी मागे ठेवून जिवंत परत जाण्याची परवानगी मिळवली. परमानंदांच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग विस्ताराने वर्णिलेला आहे, निघण्यापूर्वी त्यातील हा भाग सर्वांनी मिळून वाचावा असे मी आग्रहाने सुचवीन.

लोणावळ्याहून रिक्षाने किंवा जीपने कुरवंडे गाव गाठावे. वाटेत नौदलाची संस्था आहे, त्या बाजूला भटकू नये आणि छायाचित्रेही काढू नयेत. गावापलीकडे, नागफणीच्या सुळक्याला बाजूला ठेवून, वाट कोकणात उतरते आणि खाली चावणी गावाजवळ पोहोचते. चावणीजवळ आंबा नदीच्या पात्रात खडकावर विजयस्तंभ उभारलेला आहे. उतरायला तीन-चार तास हाताशी ठेवावेत. घाई केल्यास हाती फक्त दुखरे पाय लागतात. माथ्यावरून निघताना एकदा थांबून खालचे रान नीट न्याहाळावे: वरून ते सरळ, मोकळे वाटते, पण तासाभराने त्यात शिरल्यावर पाच-पंचवीस पावलांपलीकडचे दिसेनासे होते. खानाची फसगत नेमकी कोठे झाली ते तेथे कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

परतीची व्यवस्था मात्र आधीच करून ठेवावी. चावणीहून खोपोलीला जाण्यासाठी वाहन सांगून ठेवले नसेल तर संध्याकाळी फार खोळंबा होतो. खोपोलीहून तुम्हाला डोंबिवलीसाठी थेट लोकल मिळू शकेल. ज्यांना उतरणे झेपणार नाही त्यांनी खोपोली-पाली रस्त्यावरून आत वळून गाडीने चावणीला यावे आणि नदीपात्रापर्यंतच चालावे. नदीत काचेच्या बाटल्या आणि प्लास्टिक टाकणाऱ्यांची कमतरता नाही. तुमच्या गटाने त्यात भर घालू नये, इतकेच.

खडकीची लढाई नक्की कोठे झाली? खडकीतील युद्ध स्मशानभूमी त्याच लढाईची आहे का? आम्ही इतकी वर्षे औंधला राहतो, पण घरात कोणालाच सांगता येत नाही. (एक वाचक, औंध, पुणे)

खडकीची युद्ध स्मशानभूमी आणि १८१७ ची लढाई यांचा काहीही संबंध नाही. ती स्मशानभूमी दुसऱ्या महायुद्धातील राष्ट्रकुल सैनिकांची असून तेथील स्मारकावर पहिल्या महायुद्धातील मृतांचीही नावे आहेत. जागा शांत आणि नीट राखलेली आहे, अवश्य पाहावी, पण पेशव्यांचा शोध तेथे घेऊ नये.

५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आपल्या घराच्या जवळच झाली. गणेशखिंड आणि खडकी यांच्यामधील मैदान हीच ती जागा. आजचे विद्यापीठ, त्याभोवतालचे रस्ते आणि छावणीचा काही भाग तिच्यावर उभा आहे. इंग्रजांचा वकील एल्फिन्स्टन संगमावरील आपले निवासस्थान सोडून खडकीच्या बाजूला आला, आणि थोड्याच वेळात पेशव्यांच्या लोकांनी ते निवासस्थान जाळले. इंग्रजांकडे दापोडीहून आलेली तुकडी धरून सुमारे २,८०० लोक होते. बापू गोखल्यांच्या हाताखालील पेशव्यांची फौज त्याच्या कितीतरी पट मोठी होती, आणि तिच्या घोडदळाचा पहिला जोर जबरदस्त होता. परंतु मधल्या भागात एक दलदलीचा ओढा होता. भरधाव आलेले घोडेस्वार त्यात अडखळले आणि समोरच्या पलटणींना नेम धरून बंदुका झाडायला वेळ मिळाला. जरीपटक्याचे मानकरी मोरोपंत दीक्षित याच लढाईत पडले. पेशवे दुसरे बाजीराव पर्वतीवरून सारे पाहत होते. पुढे १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले.

तो ओढा शोधत फिरण्यात अर्थ नाही. शहराने त्याला केव्हाच पोटात घेतले. आपण सकाळी लवकर चतुःशृंगीच्या मागच्या टेकडीवर जावे. डोंगररांगेतील खिंड कोठे आहे, त्यातून बाहेर पडलेल्या फौजेला खडकीकडे जाताना उतार कसा मिळतो आणि नदी कोठून वळते, हे तेथून एका नजरेत येते. त्यानंतर दुसऱ्या दिवशी पर्वती चढून बाजीरावांची म्हणून दाखवली जाणारी खिडकी पाहावी. तेथून खडकी किती लांब आहे हे लक्षात आल्यावर सेनापती आणि धनी यांच्यामध्ये त्या दिवशी किती अंतर होते याचा अंदाज येतो. माझे मत विचाराल तर पुण्यातील शाळांनी शनिवारवाड्याइतकीच या टेकडीची सहल काढायला हवी. विद्यापीठाची मुख्य इमारत पुष्कळ नंतरची, गव्हर्नरांच्या निवासासाठी बांधलेली आहे. तिला लढाईची साक्षीदार समजू नये.

सिंहगडावर अनेकदा गेलो, पण लढाई कोठे झाली ते कळत नाही. घोरपडीची गोष्ट खरी मानावी का? (एक वाचक, सोलापूर)

घोरपडीची कथा पोवाड्यांतून घराघरांत पोहोचली. तिला पोवाड्याचा मान द्यावा, पुराव्याचा देऊ नये. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे निवडक मावळ्यांसह अवघड कड्याच्या बाजूने गडावर चढले, किल्लेदार उदयभान राठोडाशी झुंज झाली, दोघेही पडले आणि गड स्वराज्यात आला, एवढे निश्चित आहे. कडा चढायला घोरपडीपेक्षा डोंगरात वाढलेल्या माणसांचे हात-पाय पुरेसे होते, असे मला वाटते.

आपण बहुधा गाडीने वर जाऊन पुणे दरवाजातून आत शिरत असाल, आणि तेथेच सगळा घोटाळा होतो, कारण ती गडाची सोपी बाजू आहे. वर गेल्यावर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही नंतर खावे. आधी तानाजी कड्याच्या टोकाशी आणि मग कल्याण दरवाजाशी जाऊन खाली पाहावे. पहारा या बाजूला ढिला का असावा, ते त्या खोलीवरून समजते. तानाजींची समाधी पाहून राजाराम महाराजांच्या समाधीचेही दर्शन घ्यावे. मार्च १७०० मध्ये त्यांचे निधन याच गडावर झाले. चालण्याची तयारी असल्यास पायथ्याच्या आतकरवाडीहून पायवाटेने चढावे. रविवार टाळावा, कारण त्या दिवशी घाटात मोटारींनी गडाला घातलेला वेढा उदयभानालाही उठवता आला नसता.

पुरंदरला लष्कर सोडते का? (एक वाचक, सासवड)

सोडते, पण दिवसाउजेडी आणि सरकारी ओळखपत्र पाहून. घरातील प्रत्येकाचे जवळ असावे. नियम त्यांचे असतात आणि ते बदलू शकतात, म्हणून वाद घालू नये. माचीवर मुरारबाजी देशपांडे यांचा पुतळा आहे. तेथून शेजारच्या वज्रगडाकडे जरूर पाहावे: १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी तोच घेतला, आणि तो गेल्यावर पुरंदरची माची त्याच्या तोफांच्या टप्प्यात आली. मुरारबाजींनी निवडक लोक घेऊन थेट खानाच्या गोटावर का झडप घातली असेल, त्याचे कारण या दोन डोंगरांमधील अंतरात आहे. वज्रगडावर जाण्याची मुभा मिळेलच असे नाही. याच युद्धाच्या शेवटी जून १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांशी झालेल्या तहात २३ किल्ले द्यावे लागले.

कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ पाहायचा आहे. आम्ही नागपूरहून १ जानेवारीला येण्याचे ठरवत आहोत. सोबत आई आणि लहान मुले आहेत. (एक वाचक, नागपूर)

अभिवादनासाठी येत असाल तर १ जानेवारीलाच यावे, त्या दिवसाला पर्याय नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी येथे भेट दिली आणि तेव्हापासून या दिवसाला आलेले महत्त्व कोणत्याही सहलीच्या सोयीपेक्षा मोठे आहे. त्या दिवशी लाखोंचा समुदाय येतो, पुणे-अहिल्यानगर मार्गावरील वाहतूक वळवली जाते आणि गाड्या बऱ्याच अलीकडच्या वाहनतळावर थांबवून पुढची ने-आण बसने केली जाते. आईंसाठी पाणी, औषधे आणि डोक्यावर पदर किंवा टोपी हवीच. मुलांच्या खिशात आपला भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि शक्य तितक्या पहाटे पोहोचावे.

लढाई समजून घ्यायची असेल तर मात्र दुसरा एखादा साधा दिवस निवडावा. स्तंभ भीमेच्या काठी पेरणे गावाच्या हद्दीत आहे आणि कोरेगाव पलीकडच्या तीरावर. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली, आणि सकाळी तिला भीमेपलीकडे पेशव्यांची फौज दिसली. तिने कोरेगावचा आसरा घेतला. दिवसभराची झुंज मैदानात न होता गावातील घरे आणि गल्ल्यांमधून झाली. इंग्रजांच्या या देशी पलटणीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. नदी डोळ्यांसमोर असूनही त्यांना पाण्याला तोंड लावता येत नव्हते. रात्री पेशव्यांची फौज पुढे निघून गेली आणि स्टाँटन शिरूरला परतला. स्तंभावरील नावे सावकाश वाचावीत, ‘नाक’ हा प्रत्यय असलेली नावे मुलांना शोधायला सांगावीत, आणि नंतर पूल ओलांडून नदीचे पात्र पलीकडूनही पाहावे.

आमच्या शेतात नांगरताना लोखंडी गोळा निघाला. तो तोफेचा असावा. तो आम्ही घरात ठेवला तर चालेल का? शहरातील काही हौशी मंडळी धातुशोधक यंत्र घेऊन शेतात फिरू द्या म्हणतात. (एक वाचक, मावळ तालुका)

ठेवू नये आणि फिरू देऊ नये. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूला तो लागू होत असल्यामुळे ‘किरकोळ होते म्हणून सांगितले नाही’ ही सबब टिकत नाही. तलाठी किंवा तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. गोळा कोणत्या जागी आणि किती खोलीवर निघाला, जवळ आणखी काही होते का, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण जागेची नोंद नसलेला गोळा अभ्यासकाला फारसे काही सांगत नाही. यंत्र घेऊन येणारे नेमकी तीच नोंद नाहीशी करतात.

एक गोष्ट त्याहून तातडीची आहे. काही जुने गोळे भरीव नसून पोकळ, आत दारू भरलेले असत. आपल्या गोळ्याला छिद्र किंवा बुच दिसत असेल तर तो घासू नये, ठोकू नये, चुलीजवळ तर मुळीच ठेवू नये. मुलांना दूर ठेवून आधी पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी. अर्जाचे नंतर पाहता येईल.